मडगार्डला टाके कशाला?

जुन्या जीपचे पुढचे मडगार्ड मागच्या टोकाला इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या काउलच्या पत्र्याला आणि पुढच्या टोकाला रेडिएटरसमोरच्या गार्डला बोल्टने धरलेले असते. गार्डचा पाया खाली चेसिसच्या आडव्या पट्टीवर टेकतो. बोनेटची बिजागरी काउलवर असते आणि बोनेट दाबून धरणारे खटके दोन्ही मडगार्डांवर. या पत्र्यांत स्वतःच्या बळावर उभा राहणारा एकही नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याचा हात धरून असतो. डेंटिंग-पेंटिंगसाठी हे पत्रे एकदा उतरवले की परत कसे चढवायचे, याबद्दल गॅरेजांत दोन मते आहेत. मूळ मापाचे बोल्ट, वायसर, रबर आणि पट्ट्या लावून होते तसे जोडायचे, हे पहिले. दुसरे जास्त लोकप्रिय आहे आणि एका वाक्यात सांगून होते: वेल्डिंगचे दोन टाके मारून टाका, आयुष्यभर खडखड नाही.

हे दुसरे मत चुकीचे आहे. मात्र ते आळसातून जन्माला आलेले नाही, हे आधी मान्य करायला हवे. कळवण तालुक्यात जीप ही अनेक वर्षे कामाची गाडी होती. नांदुरीहून सप्तशृंगगडावर चढणारा सुमारे १० किलोमीटरचा घाट, अभोण्याहून कनाशीकडे आणि पुढे सुरगाण्याच्या बाजूला जाणारे चढउताराचे रस्ते, थेट कांद्याच्या चाळीपर्यंत शिरणाऱ्या शिवारातल्या वाटा; अशा धंद्यात खडखडणारे मडगार्ड दर आठवड्याला आवळत बसायला सवड नसते. एक दिवस गाडी उभी म्हणजे एका दिवसाची कमाई बुडाली. टाक्याने निदान पुढचे काही महिने तक्रार बंद होत असे. आता त्याच जीपा हौसेने जपल्या जातात. त्यांना कारखान्यातला मूळ रंग शोधून लावला जातो, सीटचे रेक्झिन जुळवून आणले जाते, आणि मग त्या देखण्या रंगाखाली तोच घाईचा टाका पडतो. कारण गेले तरी मत राहिले आहे, आणि त्याच्या बाजूने दिली जाणारी कारणे एकेक करून तपासण्यासारखी आहेत.

पहिले कारण मजबुतीचे. टाका म्हणजे लोखंडाशी लोखंड एकजीव. बोल्ट म्हणजे नुसते दाबून धरणे. म्हणून टाका पक्का. एकाच जागी स्थिर उभ्या असलेल्या लोखंडी कपाटाबद्दल हे खरे आहे. जीपचे चेसिस मात्र शिडीसारखे असते: दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. पुढचे उजवे चाक खड्ड्यात गेले आणि मागचे डावे उंचवट्यावर आले की ही शिडी पिळली जाते. ती पिळावी अशीच तिची रचना आहे. त्यामुळे चारही चाके जमिनीला टेकून राहतात. वरची बॉडी या शिडीवर रबरी गाद्यांवर बसते आणि तो पीळ पूर्णपणे अंगावर घेत नाही. आता मडगार्डाची जागा पाहावी. त्याचे पुढचे टोक चेसिसच्या नाकाबरोबर हलते, मागचे बॉडीबरोबर. वेगवेगळ्या तालात हलणाऱ्या दोन भागांमधला तो पूल आहे. बोल्टच्या जोडात दोन पत्र्यांच्या मध्ये कापडी किंवा रबरी पट्टी असते, भोक बोल्टपेक्षा किंचित मोठे असते आणि जोड केसभर सरकू शकतो. टाक्याला सरकता येत नाही. जोड सरकला नाही की पत्रा वाकतो, आणि दर खड्ड्याला एकाच रेषेवर वाकतो.

ती रेषा कुठली, हे टाका मारलेल्या कुठल्याही जुन्या गाडीवर जवळून पाहता येते. टाक्याचा गोळा स्वतः सहसा तुटत नाही; तो तुटला नसल्याचा अभिमान बाळगला जातो तो त्यामुळेच. चीर सुरू होते गोळ्याच्या काठाशी, जिथे जाड वितळलेला धातू संपतो आणि साधा पातळ पत्रा सुरू होतो. आधी रंगावर नखाने ओरखडा काढल्यासारखी रेघ दिसते. पहिल्या पावसानंतर त्या रेघेतून चहाच्या डागासारखा पिवळट ओघळ खाली उतरतो. मग रेघ दोन्ही बाजूंना वाढते, टाक्याला वळसा घालते, आणि एक दिवस टाका पत्र्याचा रुपयाएवढा तुकडा सोबत घेऊन सुटा होतो. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे वर एक पट्टी ठेवून तिच्याभोवती आणखी टाके. तेवढी जागा आणखी ताठ होते आणि पुढची चीर पट्टीच्या काठाशी पडते. अशा चार पट्ट्या एकावर एक चढलेली काउल दुरून मजबूत दिसते. प्रत्यक्षात तिचा मूळ पत्रा कधीचाच कामातून गेलेला असतो.

टाक्याची उष्णता पत्र्याच्या मागच्या बाजूचा रंगही जाळते. बाहेरून घासून, लांबी भरून, रंग मारता येतो. काउलच्या आतल्या बाजूला ब्रश पोचत नाही. तिथे उघडे पडलेले लोखंड आतून गंजत राहते. आणखी एक गोष्ट टाक्याच्या समर्थकांनी विसरू नये अशी: या जातीच्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, काउलपासून हाताच्या अंतरावर. टाकी न उतरवता काउलला वेल्डिंग करणे हा कौशल्याचा नव्हे, नशिबाचा खेळ आहे. नंतर डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्यांत हा धोका कमी होतो, पण त्यांना अल्टरनेटर असतो, आणि बॅटरीच्या वायरी न काढता आर्क वेल्डिंग केले तर त्याचे डायोड जाऊ शकतात.

मजबुतीच्या मुद्द्यात एक खरा कण आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिक ठरेल. सगळ्या गाड्यांचे सगळे पत्रे बोल्टने जोडलेले नसतात. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट ११००, हिला वेगळे चेसिसच नाही. तळ, खांब, छत आणि बाजू मिळून तिचे एकच कवच बनते आणि गाडीची ताकद त्या कवचात असते. तिथला वेल्डिंगचा जोड सुटला तर परत वेल्डिंगच करायला हवे. त्या जागी बोल्ट लावणे तितकेच चूक. मग वाद वेल्डिंग चांगले की बोल्ट, असा उरतच नाही. कारखान्याने जो जोड न हलण्यासाठी केला तो न हलणारा ठेवावा आणि जो हलण्यासाठी, सुटण्यासाठी केला तो तसाच ठेवावा. पद्मिनीच्या कवचावर हात बसलेल्या कारागिराने जीपच्या मडगार्डाला टाके मारावेत यात नवल नाही, पण त्याने त्या गाडीची विद्या या गाडीला लावली.

सुटण्यासाठी, हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. घाटात समोरून आलेल्या बसला जागा देताना मडगार्ड कठड्याला घासले, तर बोल्टचे मडगार्ड काढून जमिनीवर ठेवता येते, मागून डॉली लावून हातोडीने पोचा काढता येतो आणि परत चढवता येते. टाक्याचे मडगार्ड गाडीवरच ठोकावे लागते, किंवा छिन्नीने आणि ग्राइंडरने कापावे लागते, आणि कापताना दर वेळी थोडा पत्रा जातो. आयुष्यभर पक्के असे ज्याचे वर्णन होते ते आयुष्य पहिल्या अपघातापर्यंतचेच असते.

दुसरे कारण थोडे उलट्या दिशेने येते. बोल्टच लावायचा तर लावा, पण मूळ मापाचा हट्ट कशाला. बोल्ट तो बोल्ट. आणि जीप तरी कुठे मोठी नाजूक, लढाईसाठी घाईघाईने ठोकून काढलेली गाडी. यातले लढाईचे म्हणणे आधी घेऊ, कारण ते इतिहासाच्या अगदी विरुद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून ६ लाखांहून अधिक जीपा बनवल्या, आणि एकीचा सुटा भाग दुसरीला बसला पाहिजे ही त्या कामाची अट होती. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, इंग्रजी एफ अक्षर ठोकले; आज जगभरचे हौशी लोक ती एफची डोकी शोधत हिंडतात. पण एफ ठोकलेला बोल्ट विलिसच्या नटात बिनतक्रार जात असे, कारण आटे एकाच मापाचे होते. रणांगणावर दोन मोडक्या जीपांतून एक चालती करता यावी म्हणून ही शिस्त होती. घाईची गाडी होती म्हणूनच बोल्टच्या मापाबाबत सूट नव्हती.

त्याच युद्धात उलटा अनुभवही आला. ब्रिटिश आटे व्हिटवर्थच्या पद्धतीने ५५ अंशांच्या कोनात कापलेले, अमेरिकन आटे ६० अंशांत. दोस्त राष्ट्रांना एकमेकांची यंत्रे दुरुस्त करताना याचा इतका ताप झाला की १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्रित आट्यांच्या करारावर सह्या केल्या. ६० अंशांचा कोन कायम राहिला. त्यातल्या बारीक आट्यांच्या मालिकेला यूएनएफ म्हणतात, आणि जुन्या अमेरिकन बारीक आट्यांशी ती जुळते. महिंद्राने मुंबईत विलिसच्या जीपांची जुळणी सुरू केली आणि पुढे उंच बोनेटची सीजे-३बी इथेच बनवली, तेव्हा हीच इंची मापे सोबत आली. भारताने १९५६ साली वजनमापांचा कायदा करून मेट्रिक पद्धत स्वीकारली, तरी मूळ आराखड्याचे बोल्ट इंचातच राहिले. म्हणून अशा एकाच जीपमध्ये दोन युगे नांदतात: कारखान्याचा बोल्ट इंची, आणि मागच्या पन्नास वर्षांत कोणी कोणी लावलेला मेट्रिक.

गॅरेजची भाषा याबाबतीत पुस्तकांपेक्षा नेमकी आहे. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत, तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत, आणि मडगार्ड-गार्डसारख्या जोडांत नेहमी लागणारा पाच सोळांश इंचाचा बोल्ट म्हणजे अडीच सूत. अडीच सुती यूएनएफ बोल्टची जाडी ७.९४ मिलिमीटर आणि इंचाला २४ आटे. कळवणच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मागताक्षणी हातात पडणारा बोल्ट ८ मिलिमीटरचा असतो. दोघांच्या जाडीत फरक ०.०६ मिलिमीटरचा, म्हणजे हाताला आणि डोळ्याला शून्य. फरक आट्यांत आहे: यूएनएफचा एक आटा १.०६ मिलिमीटरचा, मेट्रिकचा १.२५ चा.

या फरकाने काय होते ते नट हातात धरून पाहता येते. ८ मिलिमीटरचा बोल्ट अडीच सुती नटात बोटांनी फिरवला की पहिला वेढा सहज जातो. दुसऱ्याला किंचित घट्ट लागतो. तिसऱ्याच्या आसपास बोटे थांबतात. इथे हाताने दिलेला इशारा पुरेसा असतो, पण नेमका याच क्षणी पाना घेतला जातो, वर थोडे तेल सोडले जाते आणि बोल्ट करकरत आत जातो. तो आत गेला, घट्ट झाला, म्हणजे बसला, असा समज होतो. खरे म्हणजे बोल्टने नटाचे आटे कापत स्वतःपुरती वाट काढलेली असते. नट काउलला आतून वेल्ड केलेला असेल तर नुकसान कायमचे. पुढच्या वेळी योग्य बोल्ट आणला तरी तो त्या नटात पकड घेत नाही. मग भोक मोठे करून तीन सुती टॅप मारला जातो, मग त्याहून मोठा, आणि शेवटी पत्र्यात काही उरत नाही तेव्हा टाक्याची शिफारस येते. टाक्याच्या बाजूने दिले जाणारे अर्धेअधिक पुरावे असे चुकीच्या बोल्टने तयार केलेले असतात.

डोक्याचीही तीच कथा. अडीच सुती बोल्टच्या डोक्याला अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा पाना लागतो. त्यावर १३ चा पाना बसतो, फिरतोही. फक्त जखडलेल्या बोल्टवर जोर दिला की तो ०.३ मिलिमीटरचा ढिलेपणा डोक्याचे कोपरे खातो आणि डोके गोल होते. गोल झालेले डोके छिन्नीने फोडावे लागते. पान्यांच्या पिशवीत इंची पाने नसणे हे जुन्या गाड्यांच्या पत्र्यांचे दुर्लक्षित पण मोठे दुखणे आहे.

मूळ मापाचे बोल्ट मिळत नाहीत, हे तिसरे कारण. गाडीच्या दुकानात विचारले तर खरेच मिळत नाहीत. पण ते ट्रॅक्टरच्या दुकानात विचारावे. महिंद्राचा बी-२७५ हा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या आराखड्याचा, टाफेचे मॅसी फर्ग्युसनही परदेशी इंची आराखड्यावरचे. या जुन्या ट्रॅक्टरांच्या अनेक भागांत यूएनएफ आणि जाड आट्यांचे यूएनसी बोल्ट लागतात. कांदा, द्राक्ष आणि डाळिंबाच्या या पट्ट्यात असा ट्रॅक्टर नाही असे गाव सापडणे कठीण, आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात हे बोल्ट सुताच्या मापाने विकले जातात. तिथे न मिळालेला एखाद्या लांबीचा प्रकार मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळतो. फक्त मागताना सूत आणि आटे दोन्ही सांगावे लागतात. नुसते अडीच सूत म्हटले तर इंचाला १८ जाड आट्यांचा यूएनसी बोल्ट पिशवीत येण्याची शक्यता असते, आणि तो बारीक आट्यांच्या नटात मेट्रिकपेक्षाही लवकर अडतो. नमुन्याचा जुना नट खिशात घेऊन जाणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. राहिला खर्चाचा प्रश्न. पुढच्या सगळ्या पत्र्यांचे बोल्ट एका छोट्या पिशवीत मावतात आणि रंगाच्या बिलापुढे त्यांची किंमत नाममात्र असते. अस्सल रंगावर खर्च करणाऱ्याने बोल्टवर काटकसर करणे म्हणजे लग्नाचा मांडव घालून अक्षता उसन्या मागणे.

आतापर्यंतचा प्रतिवाद टाकेवाल्यांशी होता. दुसऱ्या टोकाला अतिउत्साही हौशी मंडळी आहेत, आणि त्यांचाही समाचार घ्यायला हवा. बोल्ट जितका भारी तितका जोड पक्का, असे त्यांचे गणित. हाय टेन्सिल ८.८ चा बोल्ट म्हणजे सुमारे ८०० मेगापास्कलला तुटणारा आणि त्याच्या ८० टक्के ताणाला कायमचा लांबणारा. इंजिनच्या माउंटिंगला, स्टीअरिंगला, स्प्रिंगच्या जोडांना असा बोल्ट हवाच. मडगार्डाच्या जोडात मात्र सर्वांत कमकुवत दुवा बोल्ट नसतो, पत्रा असतो. सुमारे एक-सव्वा मिलिमीटरच्या पत्र्याला भारी बोल्टने पूर्ण जोरात आवळले की बोल्टला काही होत नाही आणि पत्रा भोकाभोवती बशीसारखा खोलगट होतो. ती बशी नंतर पाणी धरते. अशा जोडात पैसा बोल्टच्या ताकदीवर घालवण्यापेक्षा मोठ्या परिघाच्या जाड वायसरवर घालवावा, म्हणजे दाब पत्र्याच्या जास्त भागावर पसरतो.

स्टेनलेस स्टीलबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. एक म्हणतो, गंजत नाही म्हणून सर्वोत्तम. दुसरा म्हणतो, स्टेनलेसच्या बोल्टने शेजारचा पत्रा खाल्लाच म्हणून समजा. दुसऱ्याचे भय तत्त्वतः बरोबर, प्रमाणात चुकीचे आहे. दोन धातू ओलाव्यात एकत्र आले की कमी दर्जाचा धातू आधी गंजतो, हे खरे. पण झीज किती वेगाने होणार हे दोघांच्या उघड्या पृष्ठभागांच्या प्रमाणावर ठरते. मोठ्या पत्र्यात छोटा स्टेनलेस बोल्ट असेल तर झीज पसरते आणि मंद होते; भोकाच्या काठाचा रंग उडालेला असेल तर तेवढ्या जागी ती गोळा होते. स्टेनलेसचा खरा दोष वेगळाच आहे: त्याचे आटे एकमेकांत घासून जखडतात. कोरडा आवळलेला स्टेनलेसचा नट वर्षभराने उलटा फिरवला तर सुटण्याऐवजी बोल्ट पिळून तुटतो. ज्या जोडाचा सगळा उपयोग सुटण्यात आहे, तिथे हा दोष क्षुल्लक नाही. जस्ताचा मुलामा दिलेला साधा बोल्ट अशा जागी अधिक शहाणपणाचा: जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. कळवणच्या गाडीला हे विशेष लागू आहे, कारण मागच्या फळीवर खताच्या गोण्या येतात. अमोनियम सल्फेट दमट हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंडाला खाते. द्राक्षबागेच्या फवारणीतल्या मोरचुदाचे पाणी उघड्या लोखंडावर पडले की तांबे त्यावर चढते आणि गंजाला जोर येतो. अशा गाडीच्या मागच्या फळीचे आणि तिच्या साखळ्यांचे बोल्ट दरवर्षी बदलले तरी चालतील. आटे ग्रीस लावून बसवावेत एवढेच.

आणखी एक श्रद्धा दोन्ही पंथांत समान आहे: स्प्रिंग वायसर घातला की नट सुटत नाही. नासाने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या फास्टनरविषयीच्या मार्गदर्शिकेत याबद्दल स्पष्ट लिहिले आहे. नट पूर्ण आवळला की हा वायसर सपाट होतो आणि मग तो साध्या वायसरपेक्षा वेगळे काही करत नाही. नट सुटतो कशाने, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिले होते. दोन पत्रे बोल्टच्या आडव्या दिशेने एकमेकांवर सरकत राहिले की नट हळूहळू उलटा फिरतो. मडगार्डाच्या जोडात नेमकी हीच आडवी हालचाल असते, म्हणून तिथे नायलॉनचे कडे असलेला लॉकनट उपयोगी पडतो. तो घर्षणाने जागच्या जागी राहतो, मग जोडाची पकड थोडी कमी झाली तरी. सायलेन्सरच्या पाइपाजवळ तो लावू नये; सुमारे १२० अंशांच्या पुढे नायलॉन मऊ पडते. तिथे वरच्या कडेने चेपलेला पूर्ण धातूचा लॉकनट घ्यावा. पत्र्याच्या आत अडकवलेला पिंजऱ्यातला नट असेल तर तो काढून टाकून तिथे नट वेल्ड करण्याचा मोह टाळावा. पिंजऱ्यात नट थोडा इकडेतिकडे हलतो, आणि मडगार्ड जुळवताना त्या हलण्यावरच सगळे अवलंबून असते.

टाकेवाल्यांचा शेवटचा आधार खडखड हा आहे, आणि तो सर्वांत दुबळा आहे. बोल्टमुळे पत्रे खडखडत नाहीत. मधली पट्टी आणि खालचे रबर नसल्यामुळे खडखडतात. बॉडी आणि चेसिस यांच्यामधल्या गाद्या कुजल्या की त्या काढून लोखंडावर लोखंड बसवले जाते, मग आवाज येतो, मग टाके येतात. गाद्यांसाठी ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे कापून घालण्याची देशी पद्धत निंदनीय नाही. कापडी धाग्यांचे रबर या कामाला योग्यच असते. चूक तीन ठिकाणी होते: तुकडे कमीजास्त जाडीचे कापले जातात आणि बॉडी पहिल्याच दिवशी पिळून बसते, रेडियल टायर वापरला तर आतल्या पोलादी तारा बाहेर येऊन गंजतात, आणि बोल्ट इतका आवळला जातो की रबर कडेने फुगून बाहेर येते आणि त्याचे रबरपण संपते. मडगार्ड आणि काउलच्या मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी चालते, जर तिथे इंजिनचे तेल ओघळत नसेल.

सरकारी नियमांचीही आठवण करून दिली पाहिजे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चेसिस, बॉडीचे कवच किंवा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेले वाहन विंटेज म्हणून नोंदवता येते. त्याला व्हीए अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असते आणि नोंदणी १० वर्षे चालते. एखाददुसऱ्या टाक्याने गाडी या व्याख्येबाहेर जाते असे कोणी म्हणणार नाही. पण पट्ट्या चढवून मडगार्डांना शिवून टाकलेल्या काउलला मूळ स्वरूप म्हणणे तपासणाऱ्याला जड जाईल.

राहिला चढवण्याचा क्रम. बोल्टचे काम बिघडते ते बहुधा इथे, आणि त्याचा दोष बोल्टवर येतो. सुरुवात बॉडीपासून, कारण बाकी सगळे तिच्याशी जुळवायचे असते. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर चेसिस आधीच पिळलेले असते आणि त्या अवस्थेत जुळवलेले पत्रे गाडी खाली उतरताच रुसतात. गाद्या घालून बॉडीचे बोल्ट हाताने लावावेत. मग गार्ड उभे करावे, मग दोन्ही मडगार्डे, सगळे बोल्ट निम्म्यावर. कुठलाही बोल्ट पूर्ण आवळायच्या आधी बोनेट चढवून पाहावे. फटीचा खरा न्याय बोनेटच करते. बोनेट आणि काउल यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना सारखी होईपर्यंत गार्ड पुढेमागे आणि मडगार्ड वरखाली सरकवावे. कोणत्याही बोल्टसाठी भोकात पेचकस घालून पत्रा ओढावा लागत असेल तर चूक त्या भोकात नसते. आधी बसवलेल्या कुठल्या तरी भागात असते, आणि तिथे परत जावे लागते. गोल कानशीने भोक लांबवणे हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. चाकाच्या बाजूला बोल्टचे डोके यावे आणि नट आत, इंजिनाच्या बाजूला. म्हणजे चाकाने उडवलेला चिखल आट्यांत बसत नाही. बोल्ट नटाबाहेर दोन-तीन आटे दिसेल इतकाच लांब असावा.

आवळताना समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे घ्यावेत. पाच सोळांशाच्या ग्रेड ५ यूएनएफ बोल्टला कोरड्या आट्यांवर २५ न्यूटन-मीटरच्या आसपास जोर सोसतो, पण तो लोखंडाच्या जाड तुकड्यांसाठी. मध्ये पट्टी असलेल्या पत्र्याच्या जोडात पट्टी दाबली जाईल पण बाहेर फुगणार नाही, इतकेच आवळणे बस. पान्यावर दिलेल्या जोरातला सुमारे नव्वद टक्के हिस्सा घर्षणातच जातो, म्हणून ग्रीस लावलेल्या आट्यांवर तोच जोर पत्र्याला बराच जास्त दाबतो, हे ध्यानात ठेवून हात आखडता घ्यावा. सगळे बसल्यावर प्रत्येक नटावरून पत्र्यावर रंगाची एक बारीक रेघ ओढावी. नवे रबर पहिल्या तीन-चारशे किलोमीटरमध्ये दबते. त्यानंतर गाडी पुन्हा सपाट जागेवर उभी करून रेघा पाहाव्यात. रेघ सरळ असेल तर तो नट हलवू नये. जिथे रेघेचे दोन तुकडे दिसतील तो नट सरकला आहे, त्याखालचे रबर आणि वायसर तपासून तेवढाच परत आवळावा.